लाल टिंब पंधरा दिवसांनी

*कळंबा तलाव. ९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ६.५०. धुकं.*
*पिवळा धोबी – ७. एक डाव्या पायानं लंगडा.*
*थापट्या बदक – ३९. पुढची मोजण्याआधी उडाली.*
*माणूस – १. हॉर्नसकट.*

शेवटची ओळ क्रांतीनं रागाच्या भरात लिहिली. वहीत खाडाखोड करायची नाही असा दंडक होता, त्यामुळे ती तशीच राहिली. चांगलंच झालं. नाहीतर पुढचं सगळं सुरू कुठून झालं, हे तिला स्वतःलाही नक्की सांगता आलं नसतं.

झालं होतं ते असं. धोंडुबाईची म्हैस बांधावरच्या रस्त्यात आडवी उभी होती. ती रोजच उभी असते. तिच्या पायाशी पिवळे धोबी तुरुतुरु पळत होते, कारण म्हैस चालली की गवतातले किडे उडतात आणि धोब्यांची न्याहारी होते. चिमणीएवढा पक्षी, परीट कपडे आपटतो तशी शेपटी वरखाली आपटतो, म्हणून धोबी. क्रांती बांधाच्या उताराला दुर्बीण लावून चाळीस मिनिटं बसली होती. छत्तीस, सदतीस, अडतीस...

पों-पों!

सगळा तलाव उडाला.

"काय ओ हे!" क्रांती उठून उभी राहिली.

मोटरसायकलवरचा तरुण बावचळला. "म्हस काय माझी हाय व्हय? वाटंत उभी हाय."

"बदकं उडाली माझी!"

"बदकं तुमची हाईत?"

तिला हसू आलं होतं, पण ते दाखवायची ही वेळ नव्हती. "मोजत होतो मी. एकोणचाळीसवर होतो." कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या मुली 'येतो, जातो, करतो'च म्हणतात, आणि क्रांती अस्सल पेठेतली. "आता परत पहिल्यापासून."

त्यानं गाडी बंद केली. मान वर करून आभाळात फिरणारा थवा बघितला. ओठ जरासे हलले.

"अठ्ठेचाळीस हाईत."

"अंदाजे सांगू नका."

"अंदाज कशाला? फौंड्रीत काम करतो, गडमुडशिंगीचा हाय मी. साच्यातनं निघालेलं कास्टिंग ढिगात पडताना नजरंनं मोजायची सवय हाय. बसू द्यात, मग बगा."

थवा तीन घिरट्या घालून पाण्यावर उतरला. क्रांतीनं मोजलं. मग परत एकदा मोजलं.

अठ्ठेचाळीस.

"सम्राट," तो म्हणाला. नाव सांगत होता की शेखी मिरवत होता, कोण जाणे.

धोंडुबाईनं म्हशीच्या पाठीवर थाप मारली. "हाल की गं बाई. पावण्याला वाट दे." म्हैस हलली. पावणा मात्र हलला नाही.

—

*१६ फेब्रुवारी. पिवळा धोबी – ७. लंगडा आहे. थापट्या – ५१ (मोजणी: स.)*
*२३ फेब्रुवारी. पिवळा धोबी – ९. लंगडा आहे. थापट्या – ४४ (मोजणी: स.)*
*२ मार्च. पिवळा धोबी – ६. लंगडा आहे. थापट्या – ३० (मोजणी: स. त्यांनी भडंग आणला होता. पक्ष्यांना दिला नाही.)*

"आत्याकडं आलतो," पहिल्या रविवारी सम्राट म्हणाला. आत्या कळंब्यात राहायची.

"आत्याकडंच आलतो," दुसऱ्या रविवारी.

तिसऱ्या रविवारी त्यानं तोंड उघडायच्या आत धोंडुबाई म्हणाली, "तुजी आत्या गुरवारीच लेकीकडं गेल्या मिरजंला. कुलपाला भेटून आलास व्हय?"

सम्राटनं दुर्बीण डोळ्यांना लावली. उलटी लावली.

क्रांतीनं ती त्याच्या हातून घेतली, सरळ केली आणि परत दिली. बोटाला बोट लागलं. एवढंच. पण त्यानंतर दहा मिनिटं दोघंही पाण्याकडे फार बारकाईनं बघत होते, आणि पाण्यात तेव्हा काहीही नव्हतं.

—

आता वहीबद्दल सांगायला हवं.

वही गणपतराव सरांची. तीस वर्षं त्यांनी दर रविवारी कळंब्याचे पक्षी लिहिले. गुडघे गेले तेव्हा ती त्यांनी क्रांतीकडे दिली. क्रांती कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत कामाला होती आणि पहाटे उठू शकत होती, एवढी पात्रता त्यांना पुरली. वहीबरोबर जिल्ह्यातल्या पक्षी बघणाऱ्यांचा व्हॉट्सअॅप गटही आला. कुणीही नोंद टाकली की क्रांती पुरावा बघणार आणि 'मंजूर' किंवा 'नामंजूर' लिहिणार.

सरांचे नियम दोनच होते. एक, खाडाखोड नाही. दुसरा जरा अवघड.

हिवाळ्यात आलेले पाहुणे वसंतात उत्तरेला परत जातात. पक्षी पहिल्यांदा दिसला की त्याच दिवशी लिहायचं, 'आला'. पण 'गेला' असं त्याच दिवशी लिहिता येत नाही. कारण आज दिसला, तो शेवटचा दिसला हे आज कुठं माहीत असतं? पंधरा दिवस वाट बघायची. तरी नाहीच दिसला, तर मागची पानं उलटायची आणि ज्या तारखेला तो अखेरचा दिसला होता तिच्यासमोर लाल पेनानं एक टिंब द्यायचं.

"म्हणजे निरोप द्यायचा ऱ्हाऊनच जातोय की," हे ऐकून सम्राट म्हणाला होता.

"पक्ष्यांना निरोप लागत नाही."

"तुमाला?"

"...थापट्या मोजा तुम्ही."

—

*गटावरची नोंद. ८ मार्च, शनिवार. पाठवणार: सम्राट, गडमुडशिंगी.*
*नवीन पक्षी!! डोकं काळंकुट्ट, अंग हळदीगत पिवळं. उसाच्या फडाजवळ. संख्या १. फोटो सोबत.*
*क्रांती: नामंजूर.*
*सम्राट: का???*
*क्रांती: उद्या या. दाखवतो.*

दुसऱ्या दिवशी तो साडेसहाच्या आधीच बांधावर होता. आत्याचं नावही काढलं नाही.

"मी माझ्या डोळ्यांनी बगितलाय. असला पक्षी आख्ख्या थंडीत दिसला न्हाय. आपल्याकडचा धोबी मळकट असतोय. ह्यो म्हंजे नुसता नाद खुळा!"

"म्हशीच्या मागं बघा."

म्हशीच्या मागं एक झळझळीत पिवळा पक्षी पळत होता. डोकं काळं, चकचकीत.

"ह्योच की त्यो!"

"पाय बघा."

सम्राटनं दुर्बीण लावली. पक्षी पळाला, थांबला, शेपटी आपटली, परत पळाला. दर दोन पावलांनी डावीकडे झुकत होता.

सम्राटनं दुर्बीण खाली घेतली. "आपला लंगड्या?"

"आपला लंगड्या. महिनाभर दर रविवारी बघताय की त्याला. वसंत आला की जुनी पिसं झडतात, नवीन येतात. उत्तरेला जाऊन जोडी जमवायची असते ना... तर जाताना नटून जातात. पक्षी तोच. तुम्ही एकाचे दोन मोजले."

"म्हंजे ह्यो नवरदेव हाय!"

"समजा."

"आन नवरीच्या गावाला जाताना एवढं रूप आलं त्याला?" सम्राट स्वतःशीच हसला. मग उगाच आपल्या शर्टाकडे बघितलं. इस्त्रीचा निळा शर्ट होता. पहिल्या रविवारी तेलकट जर्किन होतं. क्रांतीनंही तेव्हाच तो शर्ट बघितला, तिनं बघितलेलं त्यानं बघितलं, आणि कान तापायला मार्चचं ऊन लागलं नाही.

"माणूस तोच हाय," तो हळूच म्हणाला. "दोन मोजू नगा."

पलीकडून धोंडुबाई खोकली. सर्दी वगैरे काही नव्हती तिला.

—

*२३ मार्च. थापट्या – ०. पिवळा धोबी – ४. लंगडा आहे.*
*शेरा: पाणी रिकामं दिसतंय.*

त्या दिवशी सम्राट मोजायला काही नसतानाही मोजत बसल्यासारखा बसला होता.

"एक सांगायचं हाय."

"सांग." अहो-जाहो कधी गेलं ते वहीत नाही.

"कंपनी जामनगरला पाठवत्या. तिकडं समुद्राकाठी नवीन कारखाना काढलाय, मशिनी सांभाळायला माणूस पायजे. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी जायचं. पंधरा दिवस तितं ऱ्हाऊन बगायचं आन पंधरा एप्रिलपर्यंत सांगायचं... व्हय म्हटलं तर तीन वर्सं तितंच."

क्रांती गवताची काडी मोडत राहिली. एकीच्या दोन, दोनाच्या चार.

"मोठं काम हाय. घरातली म्हणत्यात, जा." तो थांबला. "तू काय म्हणतीस? जाऊ?"

सोपा प्रश्न होता. दोन अक्षरांचं उत्तर होतं. ते घशापर्यंत आलंही – आणि तिथं तिला स्वतःचीच भीती वाटली. ज्याला आवडीनं थांबवलं तो उद्या तळ्याकडे तोंड करून उसासे टाकायला लागला तर? सहा आठवड्यांची ओळख. त्यावर कुणाची तीन वर्षं अडवायची?

"जाणाऱ्याला अडवत नाहीत," ती म्हणाली. "वसंतात सगळेच उत्तरेला जातात. त्या किनाऱ्यावर तर आपले सगळे पक्षी उतरतात, पुढं जायच्या आधी. तुला बघायला मिळतील."

"मी पक्ष्यांचं इचारलं न्हाय."

"मला पक्ष्यांचंच कळतं."

समोर लंगडा धोबी म्हशीच्या खुरांमधून वाट काढत होता. त्याची काळी टोपी आता पुरती तयार झाली होती.

—

*३० मार्च, पाडवा. सकाळी ७.१०. ऊन. पिवळा धोबी – ३. लंगडा आहे.*
*स. – १.*

धोंडुबाईनं म्हशीच्या शिंगाला साखरेच्या गाठीची माळ बांधली होती आणि म्हैस ती जिभेनं काढायच्या खटपटीत होती. सम्राट दहाच मिनिटं आला. घरी गुढी उभारायची होती, बॅग भरायची होती.

"तिकडचं लिहून पाठवीन," तो म्हणाला. "तू मंजूर-नामंजूर कर."

"पुरावा लागेल."

"देईन की."

माळेतली एक गाठी त्यानं तोडली, अर्धी तिच्या हातावर ठेवली. मग गाडीला किक मारली. बांधाच्या टोकापर्यंत जाऊन एकदा हॉर्न वाजवला – पों-पों. उडायला पाण्यावर कुणी उरलं नव्हतं.

क्रांतीनं वही उघडली. खिशातून लाल पेन काढलं आणि 'स. – १'च्या समोर टिंब दिलं.

त्याच दिवशी. त्याच मिनिटाला. तीस वर्षांच्या वहीत असं कुणी केलं नव्हतं.

—

वहीच्या शेवटच्या पानांवर तिनं एक नवीन मथळा घातला: *उत्तर किनारा.*

*२ एप्रिल. सम्राट: खाजणाच्या चिखलात शेकड्यांनी बारकं पक्षी. पळत्यात लई. नाव ठाऊक न्हाय. १,१२०.*
*क्रांती: फोटोत फक्त ठिपके आहेत.*
*सम्राट: तितं बी ठिपकेच हाईत.*

*४ एप्रिल. सम्राट: मिठागरावर लांब चोचीचं, छाती विटकरी. ६४. हे नटून निघालेले हाईत ना?*
*क्रांती: हो. पाणटिवळे. मंजूर.*
*सम्राट: आयला, पहिलं मंजूर.*

*५ एप्रिल. क्रांती: आज उजळाईवाडीच्या माळावरून भोरड्यांचा मोठा थवा उत्तरेला गेला. लक्ष ठेव.*
*९ एप्रिल. सम्राट: भोरड्या आल्या. गुलाबी पोट. काटेरी झाडावर. २३०. तुज्याकडल्याच हाईत.*
*क्रांती: कशावरून?*
*सम्राट: लई आवाज करत्यात. कोल्हापूरच्याच.*

ती प्रयोगशाळेत एकटीच खुदकन हसली, तेव्हा बरणीतल्या बेडकाशिवाय ऐकायला कुणी नव्हतं.

*६ एप्रिल. कळंबा. पिवळा धोबी – १. लंगडा.*
*१३ एप्रिल. कळंबा. पिवळा धोबी – ०.*
*शेरा: म्हैस एकटीच.*

—

*१३ एप्रिल, रविवार. संध्याकाळी ५.३५. पाठवणार: सम्राट. जामनगरचा किनारा.*
*पिवळा धोबी – १. डाव्या पायानं लंगडा. आपलाच.*

गटावरची माणसं शाबासकीचे अंगठे टाकून मोकळी झाली. क्रांतीनं 'नामंजूर' लिहायला घेतलं, पुसलं, आणि फोन लावला.

"पुरावा?"

"न्हाय." मागं वाऱ्याचा आवाज येत होता.

"फोटो?"

"न्हाय."

"मग ओळखलास कसा?"

"म्हशीच्या मागं–"

"तिथं समुद्रावर म्हैस?"

"...उंट. उंट हाईत हितं. उंटाच्या मागं हुता."

"सम्राट."

"काय?"

"खोटी नोंद आहे ही."

मग तो म्हणाला, "व्हय. खोटीच हाय." आवाजातली मस्करी गेली होती. "पंधरा दिवस झालं, सुटी झाली की किनाऱ्यावर येतोय. येईल त्या धोब्याचा पाय बगतोय. वाटलं, आपल्यातलं एक तरी कोण इकडं आलं असंल. न्हाय दिसला. म्हणून लिहिला."

क्रांती खिडकीशी उभी होती. खाली मंगळवार पेठेतली रविवार संध्याकाळ चालली होती – कुणीतरी कुणालातरी तीन घरं ओलांडून हाक मारत होतं.

"परवा उत्तर द्यायचं हाय," सम्राट म्हणाला. "मागच्या बारीला इचारलं, तर तू पक्ष्यांचं सांगितलंस. ते सगळं बरोबर हाय, मी बगितलं डोळ्यांनी. समदी येत्यात, दोन दिस खात्यात, जात्यात. पर मला नटूनथटून कुटं जायचं हाय तेच कळंना झालंय. आता माणसाचं सांग."

वही टेबलावर उघडी होती. तीस मार्च. लाल टिंब.

"मी पण एक खोटी नोंद केलीय," क्रांती म्हणाली.

"तू?"

"वहीत."

"कसली?"

"ये. दाखवतो."

"तेवढं बगायला येऊ? कंपनीला काय सांगू?"

तिनं डोळे मिटले. खाजणात पाय रुतल्यासारखं वाटत होतं, आणि पाय काढायचा असेल तर एकदा जोर लावावाच लागतो.

"नको... तेवढ्यासाठी नको येऊ. मी सांगतोय म्हणून ये. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं, जाऊ नको म्हणून. भ्यालो मी. तुला अडवलं आणि तू पस्तावलास तर, म्हणून भ्यालो. पण मला तू इथं पाहिजेस, सम्राट. रविवारी. आणि... बाकीच्या वारी पण."

पलीकडचा वारा थांबला की काय?

"सम्राट? ऐकलंस?"

"ऐकलं." आणि मग, अस्सल गडमुडशिंगीच्या मोठ्यानं: "पर ह्याचा पुरावा लागंल की!"

"ये तर," ती म्हणाली. "देतो."

—

*कळंबा तलाव. २० एप्रिल, रविवार. सकाळी ६.२५. स्वच्छ.*
*पाहुणे पक्षी – ०.*

तलाव उतरला होता. काठाला चिखलाची रुंद पट्टी उघडी पडली होती आणि तिच्यावर नुसते म्हशीचे पाय उमटले होते. हिवाळ्याचे सगळे पाहुणे गेले होते. लाल पेन घेऊन मागची पानं भरायचे हे दिवस, आणि क्रांतीला दर वर्षी ते नकोसे व्हायचे.

बांधाच्या टोकाला मोटरसायकल थांबली. हॉर्न वाजला नाही. त्यानं ती तिथंच लावली आणि आवाज न करता चालत आला, पक्षी बघायला येणारा माणूस येतो तसा.

निळा शर्ट होता. चुरगळलेला. अंगावर दोन दिवसांचा रेल्वेतला प्रवास होता.

"न्हाय म्हणून सांगितलं," तो म्हणाला. "सायेब म्हणाला, हितं काय कमी हाय? म्हटलं, हितं समुद्र लई मोठा हाय, मोजून व्हत न्हाय." तो तिच्या शेजारी उताराला बसला. "दाखीव."

क्रांतीनं वही पुढे केली. त्यानं तीस मार्चच्या ओळीवर बोट ठेवलं. 'स. – १.' टिंब. तारीख बघितली. परत टिंब बघितलं.

"ह्ये कवा दिलंस?"

"त्याच दिवशी. तू बांधाच्या टोकापर्यंत पण गेला नव्हतास."

"पंधरा दिस थांबायचं असतंय ना?"

"हो."

"मग?"

"मला वाटलं, आधीच लिहून टाकलं तर वाट बघायला लागणार नाही." ती थांबली. "तसं होत नाही पण."

त्यानं तिच्या हातातलं लाल पेन काढून घेतलं, टोपण लावलं आणि आपल्या खिशात ठेवलं. मग दुसरं, साधं निळं पेन तिच्यासमोर धरलं.

क्रांतीनं टिंबावर एक आडवी रेघ मारली. नीट, सरळ, पट्टी लावल्यासारखी. वहीतली पहिली खाडाखोड.

तिच्या हाताखाली त्यानं आपला तळहात धरला होता. रेघ मारून झाली तरी काढला नाही.

"आन लंगड्याचं?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं. "त्याला टिंब न्हाय दिलंस?"

"सहा तारखेला दिसला होता. पंधरा दिवस उद्या पुरे होतात. उद्या सकाळी बघायचं, आणि नसला तर मग."

"म्हंजे उद्या पण यायला पायजे."

"सोमवार आहे उद्या. फौंड्री नाही का तुला?"

"सकाळी सहाला कसली फौंड्री?"

पलीकडून धोंडुबाई म्हशीला हाकत आली. दोघांना बघून थांबली. म्हैसही थांबली, रस्त्यात आडवी.

"आत्या आली काय रं मिरजंसनं?" तिनं विचारलं.

"कुणाला म्हाईत," सम्राट म्हणाला. "मी तिकडं गेलोच न्हाय."

*शेरा: वसंतात दक्षिणेकडे आलेला – १. आजवरच्या नोंदींत असा आढळ नाही. पुरावा पाहिला. मंजूर.*